फळ ऑगस्टमध्ये कुजलं, पण दुखणं मार्चमधलं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या पूर्वेला, रीडलीच्या बाजूला तुम्ही एक लहान बाग घेतली आहे. निम्मी नेक्टरिन (बिनलवेचं पीच), निम्मी ओ'हेन्री नावाच्या उशिरा पिकणाऱ्या वाणाचं पीच. मार्चमध्ये काही फुलं करपल्यासारखी वाळली, पण फळधारणा भरपूर दिसली म्हणून तिकडे दुर्लक्ष झालं. जूनमधलं नेक्टरिन ठाकठीक निघालं. ऑगस्टमध्ये ओ'हेन्री तोडणीला आलं आणि झाडावरच तपकिरी डाग पडून कुजायला लागलं. तुम्ही लगोलग तीन फवारण्या घेतल्या, तिन्ही एकाच औषधाच्या. कूज थांबली नाही. शिवाय बाहेरून स्वच्छ दिसणारी फळंसुद्धा पेटीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेली. आता विचारताय: औषध बनावट होतं का, जमिनीत रोग बसलाय का, आणि ओ'हेन्री उपटून टाकावं का?

औषध बहुधा खरंच होतं. जमिनीत रोग तुम्ही समजता तसा बसत नाही. उपटण्याचं शेवटी बोलू.

आधी रोग तोच आहे ना, एवढी खात्री करून घेऊ, कारण पीच पेटीत कुजलं की सगळे त्याला एकच नाव देतात. तुमच्या फोटोत डाग तपकिरी आहे, फळाचा आकार टिकून आहे आणि डागावर राखट-पिवळसर भुकटीचे ठिपके आहेत. अंगठ्याने दाबलं तर असा भाग बऱ्यापैकी घट्ट लागतो आणि साल गरापासून सुटून येत नाही. ही मोनिलिनिया बुरशीची तपकिरी फळकूज. याउलट साल बोटाबरोबर सरकली, रस गळायला लागला, आंबूस वास आला आणि वर पांढऱ्या तंतूंच्या टोकांना काळे ठिपके दिसले, तर ती रायझोपस. ती प्रामुख्याने पेटीतली आणि जखमेतून शिरणारी बुरशी आहे. तिच्यासाठी मार्चमधल्या फवारणीचा काही उपयोग नाही. तुमच्याकडे दोन्ही थोडंथोडं असेलही, पण मुख्य आरोपी मोनिलिनियाच.

तुम्ही दुवा दिलेला लेख इंग्लंडमधल्या सफरचंद-प्लमवरचा आहे. फळावर एकात एक वर्तुळं उठवणारी मोनिलिनिया फ्रुक्टिजेना ही तिकडची बुरशी. आपल्या सॅन वाकीन खोऱ्यात दोन आहेत: मोनिलिनिया लॅक्सा, जिला बदाम आणि जर्दाळूचा फुलोरा आवडतो, आणि मोनिलिनिया फ्रुक्टिकोला, जी पीच-नेक्टरिनची खरी वैरीण. ही फ्रुक्टिकोला मुळात अमेरिकेकडची; फ्रान्समध्ये तिची अधिकृत नोंद व्हायला २००१ साल उजाडलं. त्यामुळे युरोपातले जुने सल्ले जसेच्या तसे इथे लावू नका.

आता मार्चकडे येऊ. ओ'हेन्री आपल्याकडे साधारण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात फुलतं, आणि खोऱ्यातला पाऊसही नेमका त्याच सुमाराला येऊन जातो. बुरशीचे बीजाणू फुलाच्या पुंकेसरांवर, स्त्रीकेसराच्या टोकावर किंवा पाकळीवर पडतात. फूल ओलं राहिलं की तिथेच रुजतात. हवा २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर पाचेक तासांची ओल पुरते. १० अंशांना त्याच कामाला अठराएक तास लागतात. म्हणजे थंडी आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. रात्रभर रिपरिप झाली आणि सकाळी धुकं उठलं नाही, की अठरा तास कधी भरतात कळतसुद्धा नाही.

अशी फुलं ओळखायला सोपी असतात, फक्त शोधायला जावं लागतं. पाकळ्या गळून गेल्यावर आठ-दहा दिवसांनी बागेत फिरा. निरोगी झाडावर वाळलेली फुलं हात लावताच गळतात. रोगाची फुलं गळत नाहीत; तपकिरी होऊन फांदीला चिकटून बसतात आणि देठाच्या बुडाशी मधाच्या रंगाचा डिंकाचा थेंब दिसतो. भिंगातून पाहिलं तर फुलाच्या तळाशी राखाडी भुकटीचे बारीक पुंजके दिसतील. तेच बीजाणू. पुढे बुरशी देठातून काडीत उतरते आणि तिथे लांबट, खोलगट कॅन्कर, म्हणजे मेलेल्या सालीचा व्रण, तयार होतो. कॅन्करच्या पुढचा शेंडा कधी वाळतो, कधी तसाच हिरवा राहतो. तुम्ही ज्याला 'थोडी फुलं करपली' म्हणालात, तो पुढच्या पाच महिन्यांचा बीजाणूंचा साठा होता, आणि तो तुमच्या फळांच्या अगदी डोक्यावर टांगलेला होता.

मग जूनपर्यंत काहीच का दिसलं नाही? तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. कोवळं हिरवं फळ सुरुवातीला रोगाला बळी पडू शकतं. आतली कोय टणक होऊ लागली की त्याची प्रतिकारशक्ती वाढते. तोडणीच्या आधीचे दोन-तीन आठवडे, साखर भरायला आणि रंग चढायला लागला, की ते पुन्हा दुबळं होतं. एप्रिल-मेच्या एखाद्या पावसात हिरव्या फळावर बीजाणू रुजला तर तो बहुतेक वेळा लगेच कूज करत नाही. सालीच्या पेशींत शिरतो आणि थांबून राहतो. बाहेरून डाग नाही, फारतर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. फळ पिकायला लागलं की तो जागा होतो.

तुम्ही लिहिलंय की आजोळ देवगडचं आहे, तर हे तुम्हाला वेगळ्या नावाने माहीत आहे. हापूसवरचा करपा मोहोरात आणि कैरीवर शिरतो, कैरी वरून स्वच्छ दिसते, आणि आढीत पिकताना काळे डाग वर येतात. तिथे कोणी आढीवर फवारा मारत बसत नाही. बुरशी वेगळी, चाल तीच. तुमच्या पेटीतली 'चांगली' फळं चौथ्या दिवशी गेली त्याचं कारण हे. ती तोडतानाच आतून लागलेली होती. तीन फवारण्या झाल्या त्या वरून नवीन येणारे बीजाणू काही प्रमाणात थोपवायला. आत बसलेल्या बुरशीला त्यांनी हातही लावला नाही म्हटलं तरी चालेल.

आत बसलेला रोग दिसतच नसेल तर पुढच्या वर्षी आधी कसं कळणार? त्यासाठी पार्लियरच्या कर्नी संशोधन केंद्रात विकसित झालेली एक युक्ती आहे, आणि ती घरच्या फ्रीजरमध्येही जमते. तोडणीला महिना-सवा महिना असताना बागेच्या वेगवेगळ्या भागांतून पन्नास-शंभर हिरवी, निर्दोष फळं तोडा. क्लोरीनच्या पातळ पाण्यात काही मिनिटं बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा, म्हणजे सालीवरचे बाहेरचे बीजाणू मरतील. मग रात्रभर, दहा-बारा तास, फ्रीजरमध्ये उणे १६ अंशांच्या आसपास ठेवा. गोठल्यामुळे सालीच्या पेशी मरतात आणि फळाचा प्रतिकार संपतो. सकाळी बाहेर काढून झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, तळाला ओला कागद घालून, फळं एकमेकांना लागणार नाहीत अशी मांडा आणि खोलीच्या तपमानाला पाच ते सात दिवस ठेवा. ज्यांच्यात बुरशी दबा धरून होती त्यांच्यावर राखट-पिवळसर पुंजके उठतील. ती मोजा. शंभरात एखादं निघालं आणि हवा कोरडी असली, तर तोडणीपूर्व एक फवारणी पुरेल किंवा तीही वाचेल. दहा-पंधरा निघाली तर तोडणीआधीच्या दोन्ही फवारण्या घ्याच, आणि तो माल लांबच्या बाजारात न पाठवता लगेच विकायची सोय आधीच बघून ठेवा. हा आकड्यांचा हिशेब माझा आहे, कुठल्या तक्त्यातला नाही, पण या पट्ट्यात मला तो उपयोगी पडला आहे. घरच्यांना डब्यात काय आहे ते सांगून ठेवा, नाहीतर नको तो प्रसंग ओढवतो.

आता तातडीचं काम, जे औषधाच्या दुकानात मिळत नाही. तुमच्या ओ'हेन्रीवर या क्षणी वाळून काळपट झालेली, सुरकुतलेली फळं लटकत असतील. इथले लोक त्यांना ममी म्हणतात. फळ कुजून वाळतं, पण आतली बुरशी मरत नाही. फळाचा गर आणि बुरशी मिळून एक कडक गोळा होतो आणि तो हिवाळा सहज काढतो. वसंतात ओल मिळाली की त्याच्यावर पुन्हा बीजाणू उठतात, नेमके फुलं उमलण्याच्या वेळी. जमिनीवर पडून अर्धवट गाडल्या गेलेल्या ममीतून कधीकधी पेल्याच्या आकाराची तपकिरी छोटी अळंबीही उगवतात. जॉर्जिया, साउथ कॅरोलायनासारख्या दमट पट्ट्यात ती जास्त, आपल्याकडे क्वचित. जमिनीतल्या रोगाबद्दल तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर एवढंच. मुळांतून चढणारा हा रोग नाही. मातीला औषध पाजण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नकार द्या.

तर छाटणीच्या वेळी प्रत्येक ममी काढायची. प्रत्येक म्हणजे शेंड्यावरचीसुद्धा, जी शिडी हलवायच्या कंटाळ्याने राहते. बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतात, म्हणून वरची एक ममी खालच्या पाचांपेक्षा वाईट. फळ नुसतं ओढून काढू नका, कारण देठ आणि त्याखालचा कॅन्कर तिथेच राहतो. काडी कॅन्करच्या खाली, निरोगी लाकडात कापा. कापल्यावर लाकडात तपकिरी रेघ दिसली तर आणखी खाली जा. खाली पडलेल्या ममी छाटणीच्या काड्यांबरोबर यंत्राने बारीक करा किंवा ओळींमध्ये डिस्क फिरवून मातीआड करा. झाडावरच्या काढणं पहिलं, जमिनीवरच्या नंतर. छाटणीच्या मजुरांना ठेका झाडामागे असतो, ममीमागे नसतो. तेव्हा हे काम वेगळं ठरवून त्याचे वेगळे पैसे द्या, नाहीतर ते होणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पानं असताना एक फेरी मारून ज्या झाडांवर जास्त ममी आहेत त्यांना रंगीत फीत बांधून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये त्याच झाडांपासून पाहणी सुरू करायची.

विरळणीच्या फळांचं कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. एप्रिल-मेमध्ये तुम्ही हिरवी फळं तोडून खाली टाकता. कोरड्या पट्ट्यात पडलेली उन्हात लवकर वाळतात आणि फारसा त्रास देत नाहीत. पण पाणी द्यायच्या चरात किंवा स्प्रिंकलरच्या ओलीत पडलेली कुजतात, त्यांच्यावर बीजाणू उठतात आणि सुक्या फळांवरचे छोटे भुंगेरे तिथे वाढून पुढे पिकत्या फळांवर जातात, अंगाला बीजाणू लावून. विरळणी करताना फळं ओळींच्या मधल्या कोरड्या पट्ट्याकडे टाकायला सांगा आणि नंतर गवत कापायचं मोअर फिरवा. विरळणी नीट करण्याचं आणखी एक कारण: एकमेकांना टेकलेल्या दोन फळांमधली जागा पाऊस थांबल्यावरही ओली राहते, तिथे फवारा पोचत नाही, आणि एक कुजलं की दुसरं गेलंच. दोन फळांत वीतभर अंतर ठेवा. पोटात गोळा येतो एवढी फळं तोडताना, पण ती तोडावीच लागतात.

फवारणी. तुम्ही नाशिकला काकांच्या द्राक्षबागेत वाढलात, तेव्हा दर सात-आठ दिवसांनी पंप काढायची सवय अंगात असणार. ती इथे सोडून द्या. या खोऱ्यात उन्हाळा कोरडा असतो. नेहमीच्या वर्षात पीचला फुलोऱ्यात एक ते दोन आणि तोडणीआधी एक ते दोन, बस. फुलोऱ्यातली पहिली साधारण २० ते ४० टक्के फुलं उमलल्यावर, आणि पाऊस चालू असेल तर दुसरी पूर्ण बहरात. पावसाचा अंदाज असेल तर पावसाच्या आधी फवारा. बहुतेक औषधं बीजाणू रुजण्याच्या वेळी काम करतात. ट्रायअझोल गटातली (गट ३) काही बीजाणू रुजून गेल्यावरही थोडं झेलतात, पण त्या भरवशावर राहायचं नाही. तोडणीआधीची फवारणी शेवटच्या तीन आठवड्यांत, आणि लेबलवरचा काढणीपूर्व काळ पाळून.

औषध कोणतं यापेक्षा गट कोणता हे बघा. औषध बुरशीला कसं मारतं त्यावरून गट ठरतो, आणि प्रत्येक डब्यावर गटाचा क्रमांक छापलेला असतो. एकाच हंगामात तोच गट लागोपाठ तीनदा मारणं ही तुमची खरी चूक. उरलेल्या बुरशीत नेमके त्या औषधाला न जुमानणारे बीजाणू निवडले जातात. बेनोमिल हे बुरशीनाशक १९७० च्या सुमारास आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की तपकिरी कूज संपली. दशक संपायच्या आत अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्याला दाद न देणारी फ्रुक्टिकोला सापडली होती. पुढे जॉर्जियात ट्रायअझोलचंही तेच झालं. तिथल्या बुरशीत सीवायपी५१ या जनुकाच्या लगेच आधीच्या जागी 'मोना' नावाचा एक छोटा तुकडा येऊन बसला आणि ते जनुक नेहमीपेक्षा जास्त राबू लागलं, म्हणजे औषध ज्याला मारतं तो पदार्थच बुरशी जास्त बनवायला लागली. म्हणून फुलोऱ्यात सायप्रोडिनिल (गट ९), जे थंड हवेत चांगलं चालतं, किंवा आयप्रोडायोन (गट २), जे पीचवर पाकळ्या गळाल्यानंतर वापरायचं नसतं. तोडणीआधी प्रोपिकोनॅझोल-टेब्युकोनॅझोलसारखं गट ३ मधलं एक, आणि दुसरी लागली तर गट ७ आणि ११ च्या मिश्रणातलं एखादं. फुलोऱ्यात वापरलेला गट तोडणीला परत आणायचा नाही. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

सेंद्रिय पद्धतीने करायचं तर हातात तांबं, गंधक, लाइम-सल्फर आणि बॅसिलस सबटिलिससारखी जैविक औषधं उरतात. पावसाळी मार्चमध्ये ती कमी पडतात, हे स्पष्ट सांगतो. मग ममी काढण्याचं काम दुप्पट काटेकोर करावं लागतं. पुढेमागे जर्दाळू लावलात तर त्यावर गंधक अजिबात नको, पानं जळतात.

आणि फवारा पोचतोय का, ते तपासा. तुमच्या फोटोत कुजलेली फळं झाडाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात जास्त आहेत. याचा एक अर्थ असा की वर औषध पोचलंच नाही. पाण्याने रंग बदलणारे पिवळे कागद मिळतात; ते शेंड्याला, मध्यभागी आणि आतल्या फांदीवर क्लिपने लावून नुसतं पाणी फवारून बघा. ट्रॅक्टर ताशी दोन मैलांच्या वर नेऊ नका. एक ओळ सोडून एक ओळ फवारण्याची काटकसर या रोगात महागात पडते. प्रत्येक फवारणीची नोंद दर महिन्याला कौंटीच्या कृषी आयुक्त कार्यालयात द्यावी लागते, ती दिली नसेल तर आधी ते उरका.

खत-पाण्याचं थोडक्यात. नत्र जास्त झालं की झाड दाट होतं, फळ उशिरा आणि एकसारखं पिकत नाही, आणि कूज वाढते. नेक्टरिनवर कॅलिफोर्नियातच हे प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. जुलैत पानांचं परीक्षण करा. नत्र २.६ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर पुरे. त्याच्या वर असेल तर पुढच्या वर्षी खताला हात आखडता घ्या. आतल्या बाजूचे सरळसोट वाढलेले फुटवे उन्हाळ्यात काढा म्हणजे वारा खेळेल. स्प्रिंकलरचं पाणी फांद्यांपर्यंत उडत असेल तर कोन बदला. फळाला भोक पाडणाऱ्या अळ्या, पीचची शेंडा पोखरणारी आणि ओरिएंटल फळपतंगाची, यांच्यावर लक्ष ठेवा. घट्ट सालीतून शिरायला बुरशीला कष्ट पडतात. अळीने दार उघडून दिलं की काम सोपं.

तोडणीच्या दिवसांत कुजलेलं फळ तोडणाऱ्याच्या हाताला लागता कामा नये. चांगली फळं आणि कुजकी एकाच हाताने काढली तर बीजाणू तुम्हीच पेटीत भरता. एक माणूस आधी पुढे पाठवून कुजकी फळं वेगळ्या बादलीत काढून घ्या. माल सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी थंड करा. शून्य अंशाजवळ बुरशी जवळजवळ थांबते. घरातल्या फ्रिजचं तपमान, साधारण २ ते ८ अंश, पीचला सगळ्यात वाईट: कूज पूर्ण थांबत नाही, वर गर पिठूळ होतो. ठेवायचंच तर शून्याजवळ ठेवा, नाहीतर बाहेर ठेवून लवकर खपवा.

राहिलं उपटण्याचं. एका वाईट हंगामावरून चांगलं चालणारं ओ'हेन्री काढू नका. उशिरा पिकणाऱ्या वाणाला फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत जास्त दिवस रोगाच्या तोंडी राहावं लागतं, हे खरं. पण ऑगस्टच्या मध्यावर बाजारात तुमच्याकडे हे फळ असतं म्हणूनच ते लावलेलं आहे. दोन हंगाम ममी काढून आणि फुलोऱ्यात वेळेवर फवारून बघा. एखाद्या कोपऱ्यात, विशेषतः शेजारच्या बदामाच्या बागेला लागून, रोग हटतच नसेल, तर तिकडे बघायला हवं: बदामाची टरफलं कुजवणाऱ्यांत हीच फ्रुक्टिकोला असते आणि तीही जुलै-ऑगस्टमध्येच. शेजाऱ्याशी बोला. त्याने झाडं हलवून बदाम उतरवल्यानंतर हिवाळ्यात झाडावर उरलेले बदाम पाडले, तर नाभीसंत्र्याच्या अळीसाठी (नेव्हल ऑरेंजवर्म, बदामात शिरणारी कीड) त्याचा स्वतःचा फायदा आहेच, आणि तुमच्याकडे येणारे बीजाणूही थोडे घटतील. तरीही त्या दोन-तीन ओळी दरवर्षी जात असतील, तर तेवढ्याच काढून तिथे जून अखेरपर्यंत संपणारं एखादं लवकर पिकणारं पीच लावा.